बैलाचे दात बघतो, पोराचे कोण बघणार? अंगणवाडीत नव्याने जाणाऱ्या ताईंना हे माहीत हवं

बैलबाजारात गेलेला शेतकरी किंमत विचारायच्या आधी काय करतो? खोंडाचा जबडा उघडतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलाय, हे एका नजरेत सांगतो. त्याच शेतकऱ्याला घरातल्या चार वर्षांच्या पोराच्या तोंडात किती दात आहेत असं विचारलं, तर तो बायकोकडे बघतो. बायको म्हणते, "दुधाचेच हायेत, पडणारच की." विषय तिथंच मिटतो.

हाच विषय अंगणवाडीतही असाच मिटतो, ही खरी अडचण आहे. कारण खेड्यात तीन ते सहा वर्षांच्या पोराला रोज बघणारं घराबाहेरचं एकच माणूस असतं, ते म्हणजे अंगणवाडीची ताई. दाताचा डॉक्टर तालुक्याला. शाळा सहाव्या वर्षी. तोपर्यंत ज्या दातांचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांची भरती निघाली की गावागावांत धावपळ होते. बारावी झालेल्या लेकी-सुना गुणपत्रक, रहिवासी दाखला, एमएससीआयटीचं प्रमाणपत्र घेऊन प्रकल्प कार्यालयात रांगा लावतात. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया मानलं. बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, असं त्यात म्हटलं आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला. म्हणजे १९७५ साली खाऊ वाटणारी बाई म्हणून जिच्याकडे पाहिलं जायचं, ती आता शिक्षिका धरली जाते. चांगली गोष्ट आहे. पण या शिक्षणात दात हा विषय हात धुणे, नखं कापणे आणि रोज अंघोळ यांच्या रांगेत उभा असतो. 'सकाळी दात घासावेत' एवढं सांगितलं की पुढचा मुद्दा.

अंगणवाडी सेविका आणि बालवाडी शिक्षिका होऊ घातलेल्या मुलींना प्रश्न विचारून आपल्या देशात आणि बाहेरही बऱ्याच पाहण्या झाल्या आहेत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गोड खाल्लं की दात किडतात, हे जवळपास सगळ्यांना माहीत असतं. पण दुधाच्या दाताला उपचार का करायचा, फ्लोराइड म्हणजे काय, पेस्ट किती घ्यायची, बाळाला पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरकडे कधी न्यायचं, इथं गाडी अडते. मुलींची चूक नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आणि प्रश्न लहान नाही. आपल्या देशात २००२-०३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दातांची पाहणी झाली, त्यात पाच वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले आढळले. आकडा जुना आहे, पण तेव्हा पाच रुपयांचे पुडे प्रत्येक टपरीवर लटकत नव्हते, हेही ध्यानात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभरातल्या सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत असं म्हटलं आहे.

दुधाचे दात पडतात, पण कधी?

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, बहुधा खालचा पुढचा. अडीच ते तीन वर्षांत वीस दात पूर्ण होतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की दुधाचे दात म्हणजे सहा-सात वर्षांचा मामला. तसं नाही. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेवर पोराला आणखी सहा-सात वर्षं भाकरी चावायची असते.

दुसरं काम जागा धरायचं. रांगेत झाडं लावताना आधी खुंट्या मारून ठेवतात, तसं दुधाचे दात खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा राखतात. किडली म्हणून दाढ लवकर काढली की शेजारचा दात त्या जागेत सरकतो. मग पक्का दात यायला निघतो आणि त्याला वाट नसते. तो आडवातिडवा येतो, नाहीतर हिरडीतच अडकतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही डाग, खड्डे पडू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि हीच बहुतेकांना माहीत नसते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताच लागत नाही. ही दाढ पक्की आहे. जन्मभराची. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकतं, आणि "दुधाचीच आहे" म्हणून तिला किडू दिलं जातं. मग आठव्या-नवव्या वर्षी ठणका सुरू झाला की काढून टाकतात. ती परत येत नाही. अंगणवाडीतून पहिलीत जायच्या वयातच ती उगवते. म्हणून ताईने आईला एकदा बोट लावून दाखवलं, "ही बघा, सहाव्या वर्षाची, ही पडणार नाही," तर एक दाढ वाचते.

कीड म्हणजे किडा नव्हे

आपल्याकडे शब्दच असा आहे की माणूस फसतो. दाताला कीड लागली म्हटलं की बोंडअळीसारखं काहीतरी आत शिरलंय असं डोळ्यापुढं येतं. याच समजुतीवर भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले 'किडे' काढणारे फिरत असतात, आणि लोक पोरांना त्यांच्यासमोर बसवतात. दातात असा किडा नसतो. तोंडात नजरेला न दिसणारे जंतू असतात. आपण खाल्लेली साखर आणि पीठ ते खातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचं वरचं कवच विरघळवतं. लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि दाताची झीज थोडी भरूनही आणते, पण त्याला वेळ लागतो, अर्धा तास, कधी जास्त.

यातूनच एक गोष्ट समजते. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. जेवणानंतर एकदाच गुळाचा खडा खाल्लेलं पोर एकवेळ परवडलं. सकाळी चहा-बिस्कीट, दहाला चॉकलेट, बाराला कुरकुरे, दुपारी परत बिस्कीट, असं चालू असलेल्या पोराच्या लाळेला दुरुस्तीला उसंतच मिळत नाही. बिस्कीट तर दाताला चिकटून बसतं. ते गोड नसून 'पौष्टिक' आहे असं वाटून आया देतात, आजोबा तर चहात बुडवून भरवतात. गावाकडचं शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर हे या बाबतीत कितीतरी बरं. फक्त तीन-चार वर्षांच्या आतल्या पोराला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावं.

रात्रीची बाटली हा दुसरा शत्रू. साखर घातलेलं दूध बाटलीत भरून तोंडात दिलं आणि पोर झोपलं, की दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहतं. झोपेत लाळही कमी सुटते. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकले जातात म्हणून बहुधा वाचतात, वरचे चार जातात. दोन-अडीच वर्षांच्या पोराचे वरचे दात काळे खुंट झालेले दिसले तर नव्वद टक्के वेळा 'कॅल्शियम कमी आहे' असं निदान शेजारीण करते. खरं कारण बहुतेकदा बाटलीत असतं. आईचं दूध मात्र यामुळे बंद करायचं नाही. ते दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवावं असंच सांगितलं जातं. दात आल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने किंवा लहान ब्रशने तोंड पुसायची सवय तेवढी लावायची, रात्री झोपायच्या आधी तर नक्कीच.

एक चमचा दोघांना, घास चावून बाळाला भरवणं, बाटलीचं बोंड आपल्या तोंडात घालून बघणं, यातून मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाकडे जातात. आईच्या स्वतःच्या दाढा किडलेल्या असतील तर जास्तच. म्हणून गरोदर बाईच्या दातांकडेही लक्ष हवं. त्या बायका अंगणवाडीत येतातच.

ओठ उचलून बघा

दातांची तपासणी म्हणजे खुर्ची, लाइट, मशीन असं वाटतं. अंगणवाडीत लागतो तो दाराजवळचा उजेड, धुतलेले हात आणि एक मिनिट. वजन करायला पोर आलं की अंगठ्याने वरचा ओठ उचलायचा. हिरडीच्या कडेला दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसते का? हीच किडीची सुरुवात. या टप्प्यावर नीट घासलं, फ्लोराइडची पेस्ट वापरली, गोडाच्या खेपा कमी केल्या, तर ती थांबू शकते. रेघ तपकिरी झाली, खड्डा पडला, की मग डॉक्टरशिवाय इलाज नाही. हिरडीवर पुळीसारखा फोड दिसला तर मुळाशी पू झालाय असं समजावं.

इथं एक गोंधळ होतो. रक्तवाढीचं लोहाचं औषध घेणाऱ्या पोरांचे दात वरून काळपट दिसतात. आया घाबरतात आणि औषध बंद करतात. ते डाग वरवरचे असतात, ती कीड नव्हे. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडावं, वर पाणी पाजावं, पण बंद करू नये. ही एक गोष्ट ताईला ठाऊक असली तर किती पोरांचं लोह चालू राहील. खोकल्याची-तापाची गोड औषधं मात्र रात्री पाजल्यावर तोंड पुसून घ्यावं.

आणखी एक. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. ते घासून जात नाहीत आणि ती आळशीपणाची खूणही नाही. मुलांना त्यावरून बोलू नये. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे पाणी बदलायला हवं. अशा गावांत लहानांच्या पेस्टबाबत डॉक्टरला विचारूनच चालावं.

मिश्रीची डबी आणि वाटाण्याएवढी पेस्ट

एक कटू गोष्ट लिहायलाच हवी. आपल्याकडे घराघरांत मिश्रीची डबी आहे. आजी लावते, आई लावते, आणि कडेवरचं पोर आईच्या बोटाकडे बघत असतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दात घासायच्या मंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासूनच बंदी आहे, पण मिश्री घरच्या तव्यावर होते, तिथं कायदा पोचत नाही. काही ठिकाणी सेविका आणि मदतनीसच लावतात. त्यांनी पोरांना दात घासायला शिकवायचं! हे तोंडावर बोलायला अवघड जातं, पण नव्या मुलींनी तरी ही डबी अंगणवाडीच्या उंबऱ्याबाहेर ठेवावी. लाल मंजन, राख, वीटकर, मीठ यांनी दात खरवडले जातात. बाभळीचं-कडुलिंबाचं दातवण मोठ्यांना जमतं. तीन वर्षांच्या पोराला ते धरताही येत नाही.

मऊ, लहान ब्रश. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहाला वाटाण्याएवढी. टीव्हीवरच्या जाहिरातीत अख्ख्या ब्रशवर पेस्टची लाट काढतात, ती पेस्ट खपवायला. पाकिटावर फ्लोराइड किती ते छापलेलं असतं. आपल्याकडे कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे, आणि कीड रोखायला साधारण तेवढं लागतं. घासून झालं की थुंकायचं, पण लगेच चार चुळा भरायच्या नाहीत, पेस्टचा अंश दाताला राहू द्यायचा. दिवसातून दोनदा. त्यात रात्रीचं महत्त्वाचं, आणि आपल्याकडे तेच होत नाही. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसाने हात धरून घासावं. ज्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येईल का?

दात येताना ताप, जुलाब?

"दात येतायत, म्हणून जुलाब होतायत." हे वाक्य प्रत्येक आजीच्या तोंडी आहे, आणि ते धोक्याचं आहे. दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, पोर किरकिरतं, अंग थोडं कोमट लागतं. पण खणखणीत ताप, पातळ जुलाब, उलट्या हे दातामुळे होत नाही. त्या वयात पोर रांगतं आणि दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून पोट बिघडतं. दाताच्या नावाखाली दोन दिवस घालवले तर पोर सुकतं. ताईने अशा वेळी ओआरएसचं पाकीट काढावं आणि आशाताईला हाक मारावी.

वजन का वाढत नाही, याचंही उत्तर कधी कधी तोंडात असतं. अंगणवाडीतलं तीन ते सहा वर्षांचं मूल रोज ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिनांचा आहार खाईल असा शासनाचा हिशेब आहे. पण दाढ ठणकत असेल तर ते चवळीची उसळ चघळून टाकून देतं, खिचडीचा मऊ भाग तेवढा गिळतं. रात्री झोपत नाही, दिवसा चिडतं. ताई मोबाईलमध्ये वजन भरते, रेघ वाढत नाही, पर्यवेक्षिका विचारते का वाढत नाही. आहार दिला जातो, नोंद होते, आणि तोंडात कुणी बघत नाही.

पोर पडलं आणि दात निखळला तर? दुधाचा दात परत बसवायचा नसतो. रक्त थांबवायचं आणि दाखवून आणायचं. पण सात-आठ वर्षांच्या मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलायचा, दुधात ठेवायचा आणि तासाभरात डॉक्टरकडे न्यायचं. तो बसू शकतो. मातीत टाकायचा नाही, कौलावर फेकायचा नाही.

गालावर किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, तोंड उघडेना, गिळता येईना, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. दाढेत तंबाखूची चिमूट, कापूर, कुटलेली गोळी कोंबण्यात वेळ घालवू नये.

दाखवायचं कुठं?

सरकारी सोय आहे, ती आपल्याला माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्याची सुरुवातच आपल्या पालघरमधून झाली. त्यात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब यांची तपासणी होते, आणि आजारांच्या यादीत किडलेले दातही आहेत. हृदयाला छिद्र असलेलं मूल सापडलं की बातमी होते. दातांची नोंद मात्र घाईत राहून जाऊ शकते, कारण साठ पोरं आणि दोन तास. म्हणून ताईने आधीच ओठ उचलून पाच-सहा नावं वहीत काढून ठेवली, तर पथकाच्या डॉक्टरला थेट तीच पोरं पुढं करता येतात. तिथून चिठ्ठी मिळाली की ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जिथं दंत विभाग असेल तिथं जाता येतं. पहिली भेट खरं तर पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत व्हायला हवी. दुखल्यावर पहिल्यांदा नेलं तर पोर पांढऱ्या कोटाला जन्मभर भितं.

अंगणवाडीतच रोज एकदा सगळ्यांनी मिळून दात घासायचे, हे काही स्वप्न नाही. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून शिक्षिकांच्या देखरेखीखाली रोज हेच चालतं आणि तिथल्या मुलांची कीड कमी झाली. ते श्रीमंत लोक, असं म्हणाल, तर फिलिपाइन्समध्ये सरकारी शाळांत हात धुणे आणि दात घासणे रोज एकत्र चालतं. आपल्याकडे पाणी हा पहिला अडथळा, ब्रश ठेवायची जागा हा दुसरा. ब्रश एकमेकांना चिकटले नाही पाहिजेत, प्रत्येकावर नाव किंवा चित्र पाहिजे, झाकण न लावता उभे वाळले पाहिजेत. जुन्या बाटल्यांना भोकं पाडून हे होतं. खर्चाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पंचवीस मुलांचे ब्रश आणि दोन ट्यूब एखाद्या सत्काराच्या हार-शालीपेक्षा स्वस्त पडतात. हा खर्च ताईच्या मानधनातून मात्र निघू नये. रांगोळी आणि फुगे ती आधीच स्वतःच्या पैशाने आणते.

ग्रामसभेत हा विषय लेखी मांडता येतो. त्या अर्जावर भरतीच्या यादीत नाव असलेल्या मुलींनी आणि अंगणवाडीत पोर असलेल्या आयांनी मिळून सह्या केल्या तर जास्त बरं. आणि पथक अंगणवाडीत कधी येणार, ती तारीख ताईकडे विचारून ठेवावी, त्या दिवशी पोराला मामाच्या गावी धाडू नये.